जोर कुठून जातो

बाकावर एका स्कूटरचं इंजिन उघडून ठेवलं होतं. तीन महिन्यांपूर्वीच त्याचं 'फुल काम' झालेलं: नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, नवे ऑइल सील. मालकाची तक्रार एकच होती. रेस वाढवली की इंजिनाच्या पोटातून घरघर येते, आणि क्लच दाबला तरी ती जात नाही. आमच्या भागातल्या वयस्क मिस्त्रींनी क्रँकचं बेअरिंग बाहेर काढलं, पेट्रोलमध्ये धुतलं, आतल्या कडीत बोट घातलं आणि बाहेरची कडी सावकाश फिरवली. ती थोडी फिरे, अडखळे, पुन्हा फिरे. मग त्यांनी ग्राइंडरने बाहेरची कडी कापली. कडीच्या आतल्या खाचेत एकसारख्या अंतरावर बारीक खळगे पडले होते. जितके छर्रे तितके खळगे. प्रत्येक खळग्याच्या कडेला पोलादाचे पापुद्रे सुटू लागले होते.

"हे चालून गेलेलं नाही," ते म्हणाले. "बसवतानाच गेलंय. पहिली किक मारायच्या आधी."

मी तेव्हा विशीत होतो. त्याच आठवड्यात मी एका फवारणी पंपाच्या इंजिनात सॉकेट आणि हातोडी घेऊन बेअरिंग बसवलं होतं. ते झटक्यात आत गेलं म्हणून मला समाधानही वाटलं होतं. ते इंजिन मी त्याच संध्याकाळी पुन्हा उघडलं. माझं बेअरिंगही हातावर अडखळत फिरत होतं.

लहान इंजिन तसं बरंच सोसतं. कार्ब्युरेटर थोडा चुकला तर गाडी जरा जास्त पेट्रोल पिते, प्लगचं अंतर चुकलं तर किक जास्त माराव्या लागतात, आणि दोन्ही गोष्टी दुसऱ्या दिवशी सुधारता येतात. बेअरिंग आणि शाफ्ट बसवताना झालेली चूक मात्र बंद केसच्या आत जाऊन बसते आणि आपलं काम शांतपणे करत राहते. म्हणून या कामात हत्यार उचलण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: आपण लावणार आहोत तो जोर कुठून निघेल, कशाकशातून जाईल आणि कुठे पोचेल? हे प्रकरण त्या एका प्रश्नाचं आहे.

बेअरिंगच्या आत काय असतं ते आधी पाहू. ६२०५ हे लहान इंजिनांत आणि मोटरींत सर्रास भेटणारं बेअरिंग घ्या. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. आत साधारण ८ मिलिमीटरचे नऊ छर्रे असतात आणि त्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा पत्र्याचा पिंजरा. कड्या आणि छर्रे ज्या पोलादाचे असतात त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. ते इतकं कडक केलेलं असतं की कानशीने त्यावर ओरखडा उठत नाही. छर्रा आणि खाच एकमेकांना टेकतात ती जागा मात्र टाचणीच्या डोक्याहूनही लहान असते. क्रँकवर येणारा सगळा भार त्या एवढ्याशा ठिपक्यातून जातो.

या बेअरिंगची स्थिर भार सोसण्याची क्षमता सुमारे ७.८ किलोन्यूटन असते, म्हणजे ढोबळमानाने ८०० किलो. आकडा मोठा वाटतो. पण तो ठरवतात कसा ते कळलं की भीती वाटते. सगळ्यात जास्त भार असलेल्या छर्ऱ्याच्या जागी त्याच्या व्यासाच्या एक दशसहस्रांश इतका कायमचा दबका पडेल, तो भार म्हणजे ही मर्यादा. आपल्या छर्ऱ्यासाठी हा दबका एका मायक्रॉनहूनही कमी भरतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. त्याच्या ऐंशी-नव्वदाव्या हिश्श्याएवढा खड्डा पडला की बेअरिंग बनवणाऱ्यांच्या लेखी ते हद्दीला पोचलं.

आता हातोडी घ्या. अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला पाच मीटर वेगाने येऊन पोलादावर आदळते आणि सेकंदाच्या चार हजाराव्या भागात थांबते असं धरलं, तर त्या क्षणी जोर निघतो दहा हजार न्यूटन, म्हणजे एक टन. मनगटाच्या साध्या फटक्यात. त्यात हा जोर आडवा, शाफ्टच्या दिशेने येतो. तो खाचेच्या तळावर न येता तिच्या कडेवर चढतो, आणि ही बेअरिंगं मुळात उभा भार पेलण्यासाठी घडवलेली असतात.

त्या स्कूटरच्या बेअरिंगमध्ये पडले होते तसे खळगे पडण्याला जगभर 'ब्रिनेलिंग' म्हणतात. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात धातूचा कडकपणा मोजण्याची एक पद्धत मांडली: कडक पोलादी गोळी ठरावीक भाराने धातूत दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. आजही कारखान्यांत ही चाचणी चालते. बेअरिंगच्या चुकीच्या कडीवर फटका मारणारा माणूस नेमकी तीच चाचणी आपल्या नव्या बेअरिंगवर, नऊ गोळ्यांनी एकदम करत असतो.

चुकीची कडी कोणती, हे आता सहज सांगता येईल. बेअरिंग केसमध्ये घट्ट जायचं असेल तर जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. शाफ्टवर घट्ट जायचं असेल तर फक्त आतल्या कडीवर. दोन्हीकडे एकाच वेळी जायचं असेल तर दोन्ही कड्यांवर टेकेल अशी सपाट चकती ठेवून. जी कडी घट्ट बसते आहे तिलाच ढकलायचं म्हणजे जोर छर्ऱ्यांतून जात नाही. माझ्या फवारणी पंपात मी आतल्या कडीवर बसणारं सॉकेट घेतलं होतं आणि बेअरिंग केसमध्ये ठोकत होतो. प्रत्येक फटका नऊच्या नऊ छर्ऱ्यांना ओलांडून बाहेरच्या कडीपर्यंत पोचत होता.

याचा दुसरा अर्थ जुन्या बेअरिंगबाबत आहे. केसमध्ये घट्ट असलेलं बेअरिंग आतली कडी ओढून बाहेर काढलं असेल, तर ते हातावर कितीही गुळगुळीत फिरो, पुन्हा वापरू नये. काढतानाही तोच जोर त्याच वाटेने गेलेला असतो. त्या जुन्या बेअरिंगचा एक चांगला उपयोग मात्र आहे. त्याची बाहेरची कडी सुटी करून तिचा व्यास ग्राइंडरवर थोडा उतरवला, की नवं बेअरिंग दाबायला नेमक्या मापाचा ठोकणा तयार होतो. मिस्त्रींच्या खणात अशा कड्यांची माळ तारेत ओवलेली होती.

बेअरिंग मुळात घट्ट का बसवायचं? शाफ्टवर सैल असतं तर काम किती सोपं झालं असतं. पण फिरत्या भाराखाली सैल कडी एका जागी राहत नाही. ती आपल्या जागेवर कणाकणाने सरकते, प्रत्येक फेऱ्याला थोडी. अशाने कडीच्या पाठीवर लालसर भुकटी धरते आणि शाफ्ट किंवा केस झिजत जाते. त्यात लहान इंजिनाची केस ॲल्युमिनियमची असते आणि बेअरिंग पोलादाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन चालून केस शंभर अंशांवर गेली की तिच्यातलं ५२ मिलिमीटरचं घर, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, आतल्या बेअरिंगपेक्षा सुमारे चार शतांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. थंड असताना बेअरिंग घरात हाताने सहज जात असेल, तर गरम इंजिनात ते फिरणारच.

अशी सैल पडलेली घरं आपल्याकडे पंच मारून 'टाइट' केली जातात. घराच्या भिंतीवर सेंटर पंचने चहूबाजूंनी टिंब उठवायचे, म्हणजे बेअरिंग ठोकून आत जातं आणि हलत नाही. हा उपाय मला मान्य नाही. बेअरिंग तेव्हा पूर्ण भिंतीवर न टेकता वीस-पंचवीस टोकांवर टेकतं. ॲल्युमिनियमची ती टोकं काही दिवसांत चेपतात, आणि तोवर कडी जराशी वाकडी, लंबगोल झालेली असते. ढिलाई शतांशात असेल तर बेअरिंग धरून ठेवणारं, हवाबंद जागेत कडक होणारं द्रव रसायन लावून काम भागतं. त्याहून जास्त असेल तर केस चांगल्या लेथवाल्याकडे न्यावी, घर मोठं करून त्यात बुश बसवून घ्यावी आणि दोन्ही अर्ध्या केस एकत्र जोडून एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्यावी. महाग पडतं, पण केस वाचते.

घट्ट घरात न ठोकता बेअरिंग कसं बसवायचं, याचं उत्तर त्याच ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे. जे प्रसरण चालत्या इंजिनात त्रास देतं, तेच बसवताना आपल्या बाजूने वळवता येतं. ५२ मिलिमीटरचं घर १०० अंशांनी तापवलं तर ते १२ शतांश मिलिमीटर मोठं होतं. बेअरिंग घरगुती फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवलं तर ते आणखी तीन शतांश आकसतं. घट्टपणा सहसा दोन ते पाच शतांशांचाच असतो. म्हणजे दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा राहते आणि बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत पडतं.

हे करताना घाई करू नये. केस आधी पूर्ण धुवावी, कारण तेलकट केस तापली की धूर होतो आणि वास घरभर राहतो. जुने ऑइल सील काढून टाकावेत. रबराचे सील या उष्णतेत कडक होतात, आणि तसेही ते बदलायचेच असतात. मग केस बेकिंगच्या ओव्हनमध्ये किंवा इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवलेल्या जाड पत्र्यावर सगळीकडून सारखी तापू द्यावी. गॅस कटरची किंवा ब्लो लॅम्पची ज्योत एका जागी धरू नये. एका बाजूने तापलेलं घर लंबगोल होतं आणि ओतीव केस तडकण्याचा धोकाही असतो. तापमान मोजायला साधन नसेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब चुर्र करून पसरला आणि उडून गेला म्हणजे केस शंभरीच्या वर पोचली आहे, तेवढं पुरे. थेंब गोळी होऊन पृष्ठभागावर नाचू लागला तर केस गरजेपेक्षा फार तापली आहे. तिला निवू द्यावं.

फ्रीजरमध्ये ठेवताना बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावं. बाहेर काढल्यावर हवेतली वाफ त्यावर धरते, आणि पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात तर क्षणात दव साचतं. शेवटच्या क्षणीच ते पिशवीतून काढायचं, घराच्या तोंडावर सरळ धरायचं आणि सोडायचं. नीट गेलं तर 'टप' असा एकच भरीव आवाज येतो. मग लगेच हात सोडायचा नाही. लाकडी तुकड्याने बाहेरची कडी एक-दोन मिनिटं तळाशी दाबून धरायची. थंड बेअरिंग तापतं आणि गरम केस निवते, तेव्हा मधल्या काळात बेअरिंग किंचित वर उचललं जाऊ शकतं आणि तिथेच धरलं जातं. वाकडं अडकलं तर ते दाबत बसू नये. केस पुन्हा तापवावी, उलटी करून लाकडावर हलकेच आपटावी. बेअरिंग गळून पडतं. हीच युक्ती जुनं बेअरिंग काढायलाही चालते.

शाफ्टवर बसणाऱ्या बेअरिंगचं उलट करायचं, इथे बेअरिंग तापवायचं. २५ मिलिमीटरची आतली कडी ८० अंशांनी तापवली की सुमारे अडीच शतांश मोठी होते आणि शाफ्टवर सरकते. तेलाच्या भांड्यात जाळीवर ठेवून, भांड्याच्या तळाला टेकू न देता तापवणं ही जुनी आणि चांगली रीत आहे. १२० अंशांच्या पुढे मात्र जाऊ नये, नाहीतर पोलादाचा कडकपणा आणि माप दोन्ही बदलू लागतात. दोन्ही बाजूंनी झाकलेलं, आत ग्रीस भरलेलं बेअरिंग तेलात टाकूच नये. ते कोरड्या उष्णतेने आणि ८० अंशांच्या आतच तापवावं.

आता शाफ्ट. इथे आपण खरं उदाहरण घेऊ. पियाजो कंपनीशी असलेला करार संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये आणलेली चेतक महाराष्ट्रातल्या किती घरांच्या दारात उभी होती हे सांगायला नको. तिचा सिलिंडर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७, म्हणजे १४५ सीसी. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला ८३ वेळा फिरते, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पिस्टनवर स्फोटाचा दणका बसतो. हा दणका कनेक्टिंग रॉडमधून क्रँकपिनवर आणि तिथून दोन बाजूंच्या बेअरिंगांवर जातो.

कारच्या इंजिनाची क्रँक एकाच तुकड्यातून घडवलेली असते. स्कूटरची क्रँक तशी नसते. तिचे दोन गोल जाड पाळे असतात, त्यांच्यामध्ये क्रँकपिन प्रचंड दाबाने ठोसलेली, पिनवर सुयांचं बेअरिंग आणि त्यावर रॉडचं मोठं टोक. म्हणजे दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत राहतात ते केवळ पिनच्या घट्टपणावर. शाफ्टच्या टोकावर हातोडीचा एक जोरदार फटका बसला, की पाळे पिनभोवती किंचित सरकतात किंवा एका बाजूने जवळ येतात. डोळ्यांना काहीही दिसत नाही.

म्हणून क्रँक केसमधून काढताना टोकावर हातोडी मारू नये, पुलरने काढावी. घालताना एक तर केस तापवून बेअरिंग मोठं करावं, नाहीतर शाफ्टच्या आट्यांवर बसणाऱ्या ओढणीने क्रँक हळूहळू आत ओढावी. ओढणीचा जोर आट्यांमधून शाफ्टमध्ये आणि बेअरिंगच्या आतल्या कडीवर टेकलेल्या नळीत जातो; क्रँकपिनला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रेसवर बेअरिंगची कडी क्रँकवर चढवायची असेल, तर दोन पाळ्यांच्या फटीत नेमक्या जाडीची पोलादी पट्टी घालावी. पट्टी नसेल तर प्रेसचा सगळा दाब वरच्या पाळ्यातून पिनवर आणि पिनवरून खालच्या पाळ्यावर येतो आणि पाळे एकमेकांकडे झुकतात. त्या पट्टीसाठी खर्च शून्य येतो, कुठल्याही भंगारातला तुकडा चालतो. तरी बहुतेक ठिकाणी ती घातलेली मी पाहिली नाही.

क्रँक सरळ आहे की नाही हे कळतं ते डायल गेजवर. क्रँक सेंटरांमध्ये धरायची, किंवा दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या जागा व्ही-ब्लॉकवर टेकवायच्या, शाफ्टला गेजची टोकणी लावायची आणि एक फेरा सावकाश फिरवायचा. काटा दोन-तीन शतांशांच्या आत हलला तर ठीक. त्याहून जास्त हलला तर क्रँक जाणत्या माणसाकडून सरळ करून घ्यावी. हे काम तो तांब्याच्या हातोडीनेच करतो, पण फटका कुठे आणि किती मारायचा हे त्याला गेज सांगत असतं.

वाकड्या क्रँकने बेअरिंगचं काय बिघडतं, याची एक जुनी गोष्ट आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता देखभालीचं काम बघत असे. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर होती. जमीन खचली की यंत्रं फिरवणारे लांब शाफ्ट रेषेतून हलत आणि त्यांची बेअरिंगं मोडत. त्यावर त्याने स्वतःहून शाफ्टच्या दिशेने वळणारं, छर्ऱ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग तयार केलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आपल्या चिंचवडला आहे. पण लहान इंजिनात असतात ती साधी, एका रांगेची बेअरिंगं, आणि ती शाफ्टचा वाकडेपणा फारच थोडा सोसतात: एका अंशाचे साठ भाग केले तर दोनपासून फार तर दहा भाग. विंगक्विस्टच्या गिरणीतला शाफ्ट निदान एकाच दिशेने वाकलेला असे. वाकडी क्रँक बेअरिंगला प्रत्येक फेऱ्यात, सेकंदाला ऐंशी वेळा, इकडून तिकडे पिळते.

चेतक ज्यातली, त्या व्हेस्पा घराण्यातल्या अनेक स्कूटरींत दोन बाजूंना दोन जातींची बेअरिंगं असतात. क्लचच्या बाजूला छर्ऱ्यांचं, मॅग्नेटच्या बाजूला रोलरचं. नवशिक्याला वाटतं, जे मिळालं ते बसवलं असेल. प्रत्यक्षात ही रचना फार विचारपूर्वक केली आहे. क्लचबाजूचं बेअरिंग केसमध्ये सर्क्लिपने आणि शाफ्टवर नटने अडकवलेलं असतं. क्रँकची आडवी जागा तेच ठरवतं. मॅग्नेटबाजूच्या रोलर बेअरिंगच्या कड्या एकमेकींवरून आडव्या सरकू शकतात. इंजिन तापून ॲल्युमिनियमची केस पोलादी क्रँकपेक्षा जास्त रुंद होते. दोन बेअरिंगांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर हा फरक जवळजवळ एक दशांश मिलिमीटर होतो. तेवढं सरकायला एका बाजूला वाव हवाच. ती सर्क्लिप विसरली किंवा खाचेत अर्धवट बसली, तर क्रँकला धरून ठेवणारं कुणीच राहत नाही.

दोन्ही बाजूंना छर्ऱ्यांची बेअरिंगं असलेल्या मोटरसायकलींत मात्र जपावं लागतं. केस जोडून बोल्ट आवळले आणि क्रँक हाताला जड लागू लागली, तर दोन्ही बेअरिंगं आतून आडवी ताणली गेली आहेत. अशा वेळी नायलॉनच्या हातोडीने शाफ्टच्या टोकांवर आळीपाळीने हलक्या टिचक्या माराव्यात. क्रँक मधोमध येते आणि एकदम हलकी फिरू लागते. टिचक्यांनी फरक पडला नाही तर जोर वाढवू नये. केस उघडावी, कारण दुसरं काहीतरी चुकलं आहे.

दुकानातून बेअरिंग आणताना फक्त '६२०५ द्या' म्हणून भागत नाही. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं, ०४ म्हणजे २० मिलिमीटर, ०५ म्हणजे २५. त्यापुढे 'सी३' असं लिहिलं असेल तर ते जुन्या बेअरिंगवरही होतं का ते पाहावं. सी३ म्हणजे आत छर्ऱ्यांना जरा जास्त मोकळीक. या मापाच्या साध्या बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन असते, सी३मध्ये १३ ते २८. शाफ्टवर चढताना आतली कडी ताणली जाते, घरात बसताना बाहेरची दाबली जाते आणि चालताना क्रँक केसपेक्षा जास्त तापते. या सगळ्यांत मोकळीक खाल्ली जाते. साधं बेअरिंग अशा इंजिनात आवळून जातं, गरम होतं आणि धरतं. नवीन सी३ हाताला थोडं खुळखुळतं म्हणून दुकानदाराला परत करणारे लोक मी पाहिले आहेत. ते खुळखुळणं बरोबर असतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या बनावट बेअरिंगांचा बाजारही मोठा आहे, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं आणि बिल मागून घ्यावं.

बेअरिंग बसवेपर्यंत वेष्टणातच ठेवावं. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून शिटी वाजवायची सवय अनेकांना असते. तेलाशिवाय त्या वेगाने फिरलेल्या छर्ऱ्यांचा आणि खाचेचा चकचकीतपणा तिथेच जातो. बसवल्यावर टू-स्ट्रोकचं तेल दोन्ही बेअरिंगांत आणि रॉडच्या मोठ्या टोकात सोडावं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल तिथवर पोचेपर्यंत पहिले काही फेरे कोरडे जाऊ नयेत.

टू-स्ट्रोकमध्ये बेअरिंगइतकाच मान ऑइल सीललाही द्यावा लागतो, कारण क्रँकची पेटी इथे पंपासारखी हवा ओढते आणि ढकलते. क्लचबाजूचा सील फाटला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. मॅग्नेटबाजूचा फाटला तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि एखाद्या चढावर पिस्टन धरतो. धुराचा इशाराही मिळत नाही. सील घालताना शाफ्टच्या आट्यांवर आणि किल्लीच्या खाचेवर टेप गुंडाळावी, सीलच्या ओठाला तेल लावावं आणि स्प्रिंग असलेली बाजू पेटीकडे आहे ना हे पाहावं. शाफ्टवर सील घासून नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नवा सीलही तिथे हवा धरणार नाही.

आणखी एक गोष्ट व्हेस्पा घराण्याची. या गाड्यांच्या अनेक इंजिनांत क्रँकचा पाळाच कार्ब्युरेटरकडून येणारी वाट उघडतो आणि मिटतो. पाळा आणि केसची घासलेली सपाटी यांच्यात कागदाहून पातळ फट असते. बेअरिंग फुटून एक छर्रा किंवा पिंजऱ्याचा तुकडा त्या फटीत सापडला, तर सपाटीवर खोल ओरखडे उठतात. मग नवीन क्रँक, नवीन बेअरिंग, नवीन सील घालूनही इंजिन पहिल्यासारखं हवा धरत नाही. केसच बदलावी लागते. हातोडीच्या एका फटक्याने गेलेल्या बेअरिंगची किंमत अशी केसच्या किमतीपर्यंत जाते.

मिस्त्रींनी त्या दिवशी स्कूटरचं नवं बेअरिंग केस तापवून बसवलं आणि क्रँक ओढणीने आत घेतली. हातोडी बाकावर होती, ती त्यांनी उचलली नाही. केस जोडून झाल्यावर त्यांनी स्टार्टर किकला हात लावला नाही. सिलिंडर चढवण्याआधी रॉड एका बोटाने धरून क्रँक दहा-बारा वेळा फिरवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

तुम्हीही एवढं करा. इंजिन स्वतः उघडत असाल तर क्रँक बसल्यावर, सिलिंडर चढवण्याआधी, ती हाताने फिरवून पाहा. कुठेही अडखळली, एका जागी जड लागली, बारीक जरी खरखर आली, तर तिथेच थांबा आणि केस पुन्हा उघडा. त्या वेळी उघडायला एक गॅस्केट आणि एक संध्याकाळ लागते.